गाय तीन वेळा उलटली. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची पावडर द्यावी का?

आपली होल्स्टिन गाय तीन वेळा भरवूनही (रेतन करूनही) उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, आणि दुकानदाराने व्हिटॅमिन ई व सेलेनियमची महागडी पावडर सुचवली, ती द्यावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की ही पावडर निरुपयोगी नाही, परंतु तिची खरी वेळ गाय विण्याच्या आधीची, म्हणजे आटवल्यानंतरची (दूध काढणे बंद केल्यानंतरची) असते, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडे जनावराची सर्वांत जास्त आबाळ होते.

करवीर तालुक्यातील आमच्या गोठ्यात याच मुद्द्यावर माझे आणि थोरल्या दिरांचे कधीच पटलेले नाही. दूध न देणाऱ्या जनावराला पेंड आणि खनिज मिश्रण घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे ऊसतोडणीच्या हंगामात आटवलेल्या गाईंपुढे केवळ वाढे (उसाचे हिरवे शेंडे) आणि कडबा पडत असे. वाढे त्या महिन्यांत मुबलक मिळते, पण त्यात प्रथिने कमी असतात आणि ऑक्झलेट या क्षारामुळे कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. कडब्यातले व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन तर वाळतानाच बहुतांशी नष्ट झालेले असते. अशा वैरणीवर दिवस काढलेली आमची एक उत्तम दुधाची गाय व्याली तेव्हा तिची वार (वासराभोवतीचे आवरण, जे विल्यावर पडते) अडकली, गर्भाशयाच्या पिशवीला सूज आली, पू येऊ लागला आणि पुढे माजावर येऊनही ती गाभण राहीना. मग दिरांनी पावडरीचे डब्यामागून डबे आणले आणि शेवटी गाईलाच दोष देऊन तिला बाजार दाखवला. दोष त्या गाईचा नव्हता, हे मी तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणते.

विण्याच्या सुमारास गाईचे खाणे घटते, दुधासाठी अंगावरची चरबी झिजते आणि पेशींना इजा करणारे ऑक्सिडंट वाढतात. त्यांना निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर सेलेनियमवर चालते, तर व्हिटॅमिन ई पेशींच्या आवरणाचे रक्षण करते. वार सुटण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी तिथपर्यंत पोहोचाव्या लागतात, आणि ही दोन्ही द्रव्ये कमी पडली की त्या पेशीच दुबळ्या होतात. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ मध्ये, साठवलेल्या वैरणीवरील आटवलेल्या गाईला रोज सुमारे १००० आंतरराष्ट्रीय एकके व्हिटॅमिन ई आणि आहाराच्या प्रत्येक किलो शुष्क भागामागे ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम असावे, अशी शिफारस केली. ताजी हिरवी वैरण भरपूर असेल तर वरून द्यावयाचे व्हिटॅमिन ई बरेच कमी लागते.

गोठ्याचा कारभार माझ्याकडे आल्यापासून आटवलेल्या गाईला हत्तीगवत, लसूणघास, खनिज मिश्रण आणि बेताची पेंड चालू असते, आणि वार अडकण्याचा त्रास आता क्वचितच होतो. दीर याचे श्रेय चांगल्या रेतमात्रेला (कृत्रिम रेतनासाठीच्या वळूच्या वीर्याला) देतात. रेतमात्रा बदलल्याने वार वेळेवर पडू लागते, हे मला पटत नाही.

आपल्या गाईपुरते सांगायचे तर पावडर घेण्याआधी पशुवैद्यकाकडून तिचे गर्भाशय तपासून घ्यावे, कारण आत संसर्ग असेल तर कोणत्याही डब्याने ती गाभण राहणार नाही. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवली जाते ना, हेही पाहावे. सेलेनियम अधिक झाले तर विषारी ठरते, तेव्हा चालू खनिज मिश्रणात ते किती आहे हे वाचल्याशिवाय वरून पावडर देऊ नये. आणि दूध देत नाही तिला खुराक कशाला, असे घरात कोणी म्हणत असेल, तर वासराचे निम्म्याहून अधिक वजन गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांतच वाढते, हे त्यांना जरूर सांगावे.