स्नोबोर्डवर कार्व्हिंगसाठी गुलमर्ग की औली? बर्फाआधी उतार बघा

तुमच्या पोस्टच्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. "जिथं सगळ्यात जास्त बर्फ पडतो तिथंच जावं असं वाटतंय." २०१८ च्या दिवाळीत माझ्या वहीत मी जवळपास हेच वाक्य लिहून ठेवलं होतं, आणि त्यापायी माझा एक अख्खा सीझन गेला. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. तुम्हीही सोलापूरचे, त्यामुळं राहवलं नाही.

तुमचं म्हणणं मला असं कळलं: मनालीजवळ सोलंगला स्नोबोर्डिंगचा एक कोर्स झालाय, टाचेच्या आणि बोटांच्या दोन्ही बाजूंनी वळता येतं, पण बोर्ड घसरत घसरतच वळतो. कार्व्हिंग, म्हणजे न घसरता बोर्डच्या कडेवर वळणं, शिकायचंय. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून दहा दिवस रजा आहे. गुलमर्ग, औली की पुन्हा सोलंग, एवढंच ठरायचंय. स्टान्स म्हणजे बोर्डवर उभं राहायची ढब, लिफ्टवर चढणं-उतरणं, पडायचं कसं, हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते.

आधी एक सांगते, मी प्रशिक्षक नाही. सहा सीझन झालेत, डावा गुडघा एकदा दुखावलाय, आणि उरलेलं वर्ष आमच्या टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब बघते. त्यामुळं हा माझा अनुभव म्हणून वाचा आणि जाण्याआधी तिथल्या ट्रेनरशी बोला.

कार्व्हिंगला भरपूर बर्फ लागत नाही, दाबलेला बर्फ लागतो. बोर्डच्या बाजूला जो आत वळलेला कमानीसारखा कट असतो, तो बोर्ड कलवल्यावर बर्फात रुततो, बोर्ड वाकतो आणि त्या कमानीवरूनच पुढं जातो. तुम्ही त्याला ढकलून वळवायचं नाही. मागं वळून बघा: घसरत वळला असाल तर खराट्यानं अंगण झाडल्यासारखा रुंद पट्टा दिसेल, कार्व्ह झाला असेल तर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक रेघ. ही रेघ उमटायला खाली काहीतरी घट्ट पाहिजे. गुडघाभर ताज्या बर्फात कड रुतायला जागाच नसते, सगळा बोर्डच आत जातो. पावडरमध्ये, म्हणजे अशा मोकळ्या ताज्या बर्फात, मजा खूप आहे, पण ती वेगळी विद्या आहे. वजन कुठं ठेवायचं इथपासून वेगळी.

आता माझी चूक सांगते. फेब्रुवारी २०१९. ठिकाणाचं आणि कार्यालयाचं नाव मी लिहिणार नाही. माणसं बदलली असतील, आणि तिथल्या ज्या पोरांनी मला मदत केली त्यांना त्याचा त्रास नको. ट्रेनिंग आणि लिफ्ट मिळून नऊ दिवसांचे पैसे आगाऊ भरायचे होते. भरण्याआधी मी तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा एकच प्रश्न, बर्फ आहे ना? तिन्ही वेळा एकच उत्तर, "मॅडम, बर्फ भरपूर है, आ जाइए."

खोटं बोलले नव्हते. पोहोचले तेव्हा छातीएवढा बर्फ होता. पण उतार दाबणारं यंत्र, ज्याला तिकडं सगळे स्नो बीटर म्हणतात, ते ताडपत्रीखाली उभं होतं. एका बाजूचा पट्टा तुटलेला. तीन आठवड्यांपासून तसंच आहे असं तिथल्या चहावाल्यानं सांगितलं. म्हणजे मी शेवटचा फोन केला त्याच्याही आधीपासून. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

ट्रेनर म्हणाले, पैसे परत मागा. मग सुरू झालं खिडक्यांचं चक्र. पहिल्या दिवशी अर्ज लिहून दिला, तर म्हणाले साहेबांची सही लागेल, साहेब खाली गेलेत. दुसऱ्या दिवशी साहेब आले दुपारी चारला, त्यांनी अर्ज वाचला आणि सांगितलं की परतावा फक्त हवामानामुळं लिफ्ट बंद असेल तर मिळतो. मी म्हटलं, लिफ्ट चालू आहे पण उतार दाबलेला नाही, मी ज्यासाठी पैसे भरले ते होतच नाही. ते म्हणाले, यंत्राचं कारण फॉर्ममध्ये नाही. तिसऱ्या दिवशी नव्या अर्जावर शिक्का मारून घ्यायला पुन्हा पहिल्या खिडकीवर पाठवलं. तिथला माणूस जेवायला गेला होता, तो परत आलाच नाही. आजवर एक रुपया मिळालेला नाही. पत्रं पाठवली, पोचही आली नाही.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण आज मागं बघून सांगते, खरी चूक ते पैसे नव्हते. नऊ दिवसांतले तीन दिवस मी त्या कार्यालयाच्या ओट्यावर बसून घालवले, ही खरी चूक. समोर औलीची नंदादेवी असो की गुलमर्गचं अफरवट शिखर, आपण सोलापुरातून दोन-तीन दिवस प्रवास करून जातो, तिथला एक सकाळचा तास म्हणजे काय असतो हे आपल्यालाच माहीत. अर्ज एकदा लिहा, फोटो काढा, पोच घ्या आणि उतारावर जा. बाकी भांडण घरी येऊन करा.

चौथ्या दिवशी तिथल्या दोन ट्रेनर पोरांनी एक काम केलं. स्की पायात घालून, आडवं उभं राहून, एक एक पाऊल वर सरकत त्यांनी बर्फ तुडवायला सुरुवात केली. मीही बूट घालून लागले. दीड तासात पंधरा-वीस मीटर रुंद आणि शंभरेक पावलं लांब एवढी पट्टी तयार झाली. रात्रभर थंडीनं ती आवळली. सकाळी साडेआठला त्यावरून उतरले, बोटांच्या बाजूला कलले, काहीच केलं नाही, फक्त गुडघे वाकवून थांबले. बोर्ड आपोआप वळला. खाली थांबून मान वळवली तर पट्टीवर एक बारीक, स्वच्छ रेघ. त्या जागी मी किती वेळ उभी होते मला आठवत नाही. एका सकाळी आठ-नऊ वळणं मिळाली, आणि तेवढ्यात जे कळलं ते पावडरमध्ये लोळून कधी कळलं नव्हतं.

म्हणून फोनवर "बर्फ आहे का" एवढ्यावर थांबू नका. विचारा: स्नो बीटर शेवटचा कधी फिरला? कोणत्या उतारावर? लिफ्ट किती वाजता सुरू होते? आणि हे कार्यालयाला विचारून थांबू नका, तिथल्या एखाद्या ट्रेनरला विचारा, आजचा व्हिडिओ मागा. व्हिडिओत उतारावर समांतर बारीक रेघांची नक्षी दिसली, कॉर्डुरॉय कापडासारखी, तर तिकीट काढा.

आता ठिकाणांबद्दल. हे माझं मत आहे, कुणाचं वेगळं असू शकतं.

सोलंग मी तुमच्यासाठी सरळ बाद करते. तुम्ही पाहिलंयच. उतार आखूड, त्यात ट्यूबवाले, स्लेजवाले, भाड्याचे गमबूट घालून फोटो काढणारी कुटुंबं. कार्व्हमध्ये बोर्ड मोठी कमान घेतो आणि मध्येच वळवता येत नाही. टाचेच्या बाजूनं वळताना तर पाठीमागचं दिसतही नाही. गर्दीत ते करणं म्हणजे दुसऱ्याच्या पोराच्या अंगावर जाणं.

गुलमर्गचं नाव सगळे घेतात ते गोंडोलामुळं, म्हणजे तिथल्या केबल कारमुळं. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटवर साधारण ३,९५० मीटरपर्यंत. पण ती सगळी ख्याती पावडरची आहे. दुसऱ्या टप्प्यावरून खाली येणारा भाग बहुतेक न दाबलेला असतो, आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथं दोन परदेशी स्कीअर दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक. कार्व्हिंग शिकायला वर जायची गरजच नाही. तुमच्या कामाचं आहे ते कोंगडोरीच्या आसपास, तिथून मेरीज शोल्डरकडे जाणारी चेअरलिफ्ट आणि तिच्याखालचा उतार. आणि खालच्या मैदानातले ड्रॅग लिफ्टचे, म्हणजे दोरीला धरून वर ओढून नेणाऱ्या लिफ्टचे, सोपे उतार. ते दाबलेले असतील तर गुलमर्ग उत्तम, नसतील तर तुम्ही फक्त पर्यटन कराल.

औली माझं आवडतं. उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळं ऊन कमी लागतं आणि बर्फ टिकतो. रुंदी चांगली, चढण मध्यम. २०११ चे दक्षिण आशियाई हिवाळी खेळ तिथं झाले होते, म्हणजे शर्यतीसाठी बनवलेला उतार आहे, आणि शर्यतीचा उतार म्हणजे कार्व्हिंगचा उतार. अडचणी दोन. जोशीमठ खचायला लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ ते औली हा मोठा रोपवे बंद केला, त्यामुळं रस्त्यानं वर जायची तयारी ठेवा आणि ताजी स्थिती विचारा. दुसरी म्हणजे उंची, माथा जेमतेम ३,००० मीटर. बर्फ कमी पडला तर औलीला पहिला फटका बसतो. तळ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या बर्फ बनवायच्या तोफा तिथं आहेत, पण हवाच थंड नसेल तर तोफ तरी काय करणार.

आता तारखा. आपली संक्रांतीची गड्डा यात्रा सोडून जानेवारीत जाऊ नका. मनापासून सांगते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग उघडं पडलं होतं, ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडाक्याच्या थंडीत, गवत दिसत होतं, बर्फ आला तो महिना संपताना. २०२५ मध्ये तर तिथले खेलो इंडियाचे सामने बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. त्यामुळं संक्रांतीला नंदीध्वज बघा, अक्षता टाका, होम मैदानावर फिरून घ्या आणि रजा फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यावर न्या. रजा हलत नसेल तर वाट बघा, आधी पैसे भरू नका.

जाण्याबद्दल थोडक्यात. औलीसाठी कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, मग ऋषिकेश, तिथून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, पूर्ण दिवस जातो. गुलमर्गला पुण्याहून विमानानं श्रीनगर, पुढं पन्नास किलोमीटर. बर्फ पडत असेल तर तंगमर्गपासून वर साखळी लावलेल्या गाडीशिवाय सोडत नाहीत.

बोर्डबद्दल मी थोडी हट्टी आहे. भाड्याचे बोर्ड मऊ असतात आणि त्यांच्या कडा बोथट. कडेवर नख हलकंच घासून बघा, नखाचा भुगा निघाला नाही तर ती कड बर्फ धरणार नाही. आमच्या कारखान्याच्या शेडमधले फिटरमामा, ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही, त्यांनी माझ्या बोर्डची कड बघून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, ही कड मेलेली आहे." कानशीचा कोन धरून ठेवायचा एक गाइड मिळतो, ८८ किंवा ८९ अंशांचा. तो मी मागवला, आणि बारीक कानस त्यांनी धरायला शिकवली. एकाच दिशेनं, हलक्या हातानं, आणि शेवटी धारेच्या दगडानं बर, म्हणजे कडेवर राहिलेली बारीक खरखर, काढायची. तेव्हापासून दरवर्षी निघायच्या आधी आम्ही दोघं हे करतो. सीझन संपला की कडांवर जाड मेण लावून ठेवते, नाहीतर पावसाळ्यात गंज चढतो. मेण न खरवडता तसंच राहू द्यायचं. बोर्ड चादरीत गुंडाळून माळ्यावर, पत्र्याखाली नको. एप्रिलमध्ये आपल्याकडं पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

बुटाचंही बघा. पाय मोठा आणि बोर्ड अरुंद असेल तर कलल्यावर बुटाचं टोक बर्फाला लागतं आणि कड सुटते. पुष्कळ जण याला आपली चूक समजून रडतात. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला बांधणारी पकड, दोन्ही पुढच्या दिशेला थोडी वळवून बघा, मला पुढची तिशीच्या आसपास आणि मागची दहा-बारा अंश बरी वाटते. पण गुडघ्यात ओढ जाणवली तर लगेच मागं या.

सोलापुरात काय करता येईल? सर्फस्केट घ्या, म्हणजे अंग कललं की वळणारा स्केटबोर्ड. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या बाजूला नव्या लेआउटमधले रिकामे डांबरी रस्ते सकाळी सहाला मोकळे असतात, किंचित उतार पुरतो. कंबर आणि गुडघ्यांनी कलणं तिथंच अंगवळणी पडतं. हेल्मेट घालूनच. आणि दुबईत कुणी नातेवाईक असतील तर तिथल्या मॉलमधला आतला उतार हसण्यावारी नेऊ नका. लांबी जेमतेम ४०० मीटर, पण बर्फ घट्ट आणि बारा महिने सारखा. तीन संध्याकाळी तिथं घालवल्या तर हिमालयातले पहिले दोन दिवस वाचतात.

उतारावर पोहोचल्यावर पहिली लिफ्ट पकडा. सकाळच्या दोन तासांत जे जमतं ते दुपारी जमत नाही, ऊन लागलं की बर्फ मऊ होतो आणि लोकांनी खणलेल्या खाचा कड अडवतात. दुपारी विश्रांती घ्या, पाय वाचवा.

तुमच्या बुटाचा नंबर आणि बोर्डची मधली रुंदी मिलिमीटरमध्ये कळवा. बोर्ड तुमचाच असेल तर निघायच्या आठवडाभर आधी आमच्या शेडवर घेऊन या, फिटरमामांना मी सांगून ठेवते.