आधी फळी बघ

अगं पोरी,

चिमाब्वे, दूच्चो आणि जोत्तो या १३०० च्या आसपासच्या इटालियन चित्रकारांवरचा तुझा मसुदा वाचला. तुझं म्हणणं: चिमाब्वे सपाट, दूच्चो जरा कमी सपाट, जोत्तो खरा. तीन मदोन्ना (बाळ येशूसह मेरीची चित्रं) ओळीने उभ्या करून तू शर्यत लावलीस, आणि शेवटी मलाच विचारतेस की दूच्चो १३११ मध्येही सोन्याला का चिकटून बसला. फोटोवरून लिहिलं की हे असंच होतं. फोटोत सोन्याचा मळकट पिवळा रंग होतो आणि चित्राला जाडीच उरत नाही.

म्हणून आधी फळी बघ, ज्यावर चित्र रंगवलंय ती लाकडी. चित्र मग.

इटलीत ही फळी बहुधा पॉप्लरची. मऊ, सहज मिळणारी आणि वाकण्यात पटाईत. फळ्या कडेला कड लावून जोडायच्या, वर सरसात भिजवलेलं जुनं लिनन चिकटवायचं, म्हणजे सांधा हलला तरी भेग थेट रंगापर्यंत चढत नाही. त्यावर जिप्सम आणि सरस यांचा जेसो, आधी जाडा, मग बारीक. बारीक जेसोसाठी प्लास्टर भरपूर पाण्यात महिनाभर रोज ढवळायचं, तेव्हा कुठे त्याची दगड होण्याची खोड जाते. चेन्निनो चेन्निनीने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत या बारीक जेसोचे किमान ८ थर सांगितले आहेत. वरच्या थरात सरस जास्त पडला तर तो वाळताना आकसतो आणि खालचा थर उपटून काढतो. जेसो फार गरम लावला तर बुडबुडे येतात, ते फुटून टाचणीएवढी भोकं पडतात, आणि वर्ख चढला की ती लपवता येत नाहीत. एवढं सगळं झालं तरी रंगाचा अजून थेंबही नाही!

मग सोनं. तांबडी चिकणमाती अंड्याच्या पांढऱ्यात कालवून तिचे थर द्यायचे, ओलावून वर्ख ठेवायचा, हेमटाइट दगडाने किंवा कुत्र्याच्या सुळ्याने घोटायचं. घाई केली तर वर्ख फाटतो, उशीर झाला तर झळाळी येत नाही. हे रंगाच्या आधी होतं, म्हणून आकृतीची कड सुईने कोरून ठेवावी लागते. तिरप्या उजेडात ती रेघ दिसते. तू जिला 'पार्श्वभूमी' म्हणतेस ती मागे नाहीच. मेणबत्ती हलली की सोनं पुढे येतं आणि चेहरा त्याच्यासमोर गडद होतो.

चेहरे हिरवट का, हेही तू 'बायझंटाइन गंभीरपणा'त (म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती चित्रपरंपरेत) ढकललंस. अगं, गंभीरपणा कसला? त्वचेखाली हिरव्या मातीचे हात असतात, वर गुलाबीच्या तीन छटा. टेम्परा, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेला रंग, झटकन वाळतो, ओल्यात ओलं मिसळता येत नाही, म्हणून बारीक रेघांवर रेघा. शतकांनी तो पातळ गुलाबी झिजला, पारदर्शक झाला, आणि खालचं हिरवं वर आलं. आधी फळी बघितली असतीस तर हे वाक्य लिहिलंच नसतंस.

आता तुझी शर्यत. दूच्चोच्या रुचेल्लाई मदोन्नाचा करार १५ एप्रिल १२८५ चा. मोबदला १५० लिरा, सोनं आणि निळा रंग चित्रकाराच्या खर्चाने, आणि काम पसंत पडलं नाही तर पैसे नाहीत. सोनं महाग आणि ते त्याच्याच खिशातून. तो सवयीने उधळेल का? सिएनाच्या कॅथेड्रलसाठी दूच्चोने दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या माएस्ता या वेदीचित्राचा (१३०८–११) मागचा भाग बघ: ख्रिस्ताच्या वस्त्रावर सोनेरी रेघा सगळीकडे नाहीत. त्या येतात रूपांतराच्या प्रसंगात (ख्रिस्त शिष्यांसमोर तेजोमय होतो तो) आणि पुनरुत्थानानंतर. म्हणजे माणूस म्हणून वावरताना कापड साधं, दैवी रूपात सोन्याचं. हा मागासलेपणा नाही, निवड आहे. जोत्तोने फ्लॉरेन्सच्या ओन्यिस्सान्ती चर्चसाठीच्या मदोन्नात वस्त्रावरच्या त्या रेघा काढून टाकल्या आणि गुडघ्यांचं वजन छायाप्रकाशाने दाखवलं, हे खरंच. पण मागचं सोनं त्यानेही सोडलं नाही. तुझ्या मसुद्यात ही ओळ नाही, कारण ती शर्यतीत बसत नाही.

सुतारकामच शिकवतो म्हणतील मला. म्हणोत. वर्षानुवर्षं शैलीची नावं घोकल्यावर उरलेला हा हट्ट आहे, आणि तो उशिरा आला एवढंच वाईट वाटतं. माएस्ता १७७१ मध्ये करवतीने कापली, तिचे लहान तुकडे आज लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्कला आहेत. कापणाऱ्यांना ती दोन बाजूंची एक वस्तू दिसलीच नाही. तूही प्रसंग सुटे सुटेच वाचते आहेस.

दुसरं पान नव्याने लिही. प्रत्येक चित्राची उंची-रुंदी, लाकूड, सांधे कुठे, चौकट जेसोच्या आधी ठोकली की नंतर, हे आधी. 'सपाट' हा शब्द त्यानंतरही लागला तर ठेव. संग्रहालयाकडे फोटो मागशील तेव्हा तिरप्या उजेडातले माग, आणि पाठीचे नक्की. पाठीवर खिळे, गंज आणि नंतर ठोकलेल्या पट्ट्या दिसतील. त्या पट्ट्यांनी लाकूड जखडून ठेवल्याने पुढे कुठे भेग पडली ते त्याच रेषेत शोध.