नळ सोडून उघडलेली बाटली

प्रश्न: ताई, आठ महिन्यांपूर्वी माझं वजन कमी करण्याचं, पोट कापून लहान करायचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. 118 किलोवरून 84 वर आले. ऑपरेशनआधी दिवसाला दीड-दोन लिटर कोल्ड्रिंक पोटात जायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता हे कायमचं बंद. पाच महिने मी शिवलेसुद्धा नाही. मग एका समारंभात एक घोट घेतला. काहीच झालं नाही. आता रोज रात्री सगळे झोपले की अर्ध्या लिटरची बाटली घेऊन बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ती उघडते, म्हणजे ‘फस्स’ आवाज बाहेर जात नाही. छातीत दाटतं, दुखतं, तरी संपवते. दीड महिना वजनाचा काटा हललेला नाही. परवा नवऱ्याला कपाटात रिकामी बाटली सापडली. तो एवढंच म्हणाला, ‘इतकं सगळं करून शेवटी हेच?’ पुढच्या आठवड्यात फॉलोअप आहे, पण जाऊच नये असं वाटतंय. माझं पोट पुन्हा ताणलं गेलं का? ऑपरेशन वाया घालवलं का मी?

उत्तर: आधी फॉलोअपचं बोलू. अपॉइंटमेंट रद्द करू नका. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच ठरवा.

फॉलोअप म्हणजे फक्त वजनकाटा नाही. स्लीव्हनंतर बी-12, लोह, ड जीवनसत्त्व कमी पडू शकतं, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. तिथे गेला नाहीत तर कोल्ड्रिंकची गोष्ट झाकली जाईल, पण तिच्याबरोबर हेही झाकलं जाईल. शिवाय छातीत दाटणं आणि दुखणं डॉक्टरांना कळायलाच हवं. स्लीव्हनंतर बऱ्याच जणांना ॲसिडिटीचा, आम्ल वर येण्याचा त्रास सुरू होतो आणि गॅसच्या पेयाने तो वाढतो. दुखणं त्याचंच असेल, पण ते ठरवायचं काम तुमचं नाही आणि माझंही नाही. आणि दुखणं असह्य झालं, उलट्या थांबेनात, पाणीही पोटात राहीना, ताप आला किंवा शौचाला काळं झालं, तर पुढच्या आठवड्याची वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठा.

आता पोट ताणल्याची भीती. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. जो भाग जातो, तोच सगळ्यात जास्त ताणला जाणारा असतो. पूर्वी गॅस आला की पोटाला पसरायला जागा होती, ढेकर येऊन मोकळं वाटायचं. आता ती जागा नाही. थंड बाटलीत दाबाखाली विरघळलेला वायू शरीराच्या उबेत सुटतो आणि त्या नळीत अडकून दुखतं. मात्र कोल्ड्रिंकच्या गॅसने स्लीव्ह कायमची ताणली जाते, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. काळानुसार ती थोडी सैलावते, कोल्ड्रिंकला कधीही हात न लावणाऱ्यांचीही. त्यामुळे ‘मी पोट फाडून घेतलं’ या भीतीने रात्र रात्र जागू नका. ऑपरेशन वाया गेलेलं नाही. आठ महिन्यांत 34 किलो उतरलेत, ते त्या बाटलीने पुसून टाकलेले नाहीत.

खरं नुकसान साखरेचं आहे, आणि त्याबद्दल मी स्पष्टच बोलणार आहे. साध्या कोलाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 50 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे 200 च्या वर कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसभरात 25 ग्रॅमपर्यंतच थांबलेलं बरं असं सांगते. तुमचं आत्ताचं जेवण इतकं थोडं असेल, की या 200 कॅलरी दिवसभराच्या खाण्याचा मोठा वाटा होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशनने तुम्हाला जी मदत दिली, ‘चार घास खाल्ले की पोट भरलं’ ही, ती द्रवपदार्थावर चालत नाही. घन अन्न नळीत थांबतं, पेय सरळ पुढे निघून जातं. पोट भरल्याची सूचना मिळत नाही आणि साखर मात्र सगळी आत जाते. डॉक्टर ‘कायमचं बंद’ म्हणतात त्यामागे माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे. पण ते नीट समजावून कुणी सांगत नाही, नुसती बंदी घालतात.

काटा अडकण्याचा सगळा दोषही बाटलीला देऊ नका. सात-आठ महिन्यांच्या सुमाराला वजन काही आठवडे एकाच जागी थांबणं अगदी नेहमीचं आहे. बाटली बंद केली की लगेच काटा पळायला लागेल अशी आशा धरून बसाल आणि तसं झालं नाही, तर तिकडेच परत वळाल.

(ज्यांचं वजन कमी करण्यासाठी पोटाचं बायपास झालंय, हृदयाचं नव्हे, त्यांनी हे वाचताना लक्षात ठेवा: तुमच्याकडे साखरेचं पेय थेट आतड्यात उतरतं आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब असा त्रास होऊ शकतो. त्याला डंपिंग म्हणतात. कधी स्लीव्हनंतरही होतो.)

आता त्या रात्रीच्या बाटलीकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, दुखतं तरी संपवते. म्हणजे चवीपुरती ही गोष्ट उरलेली नाही. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः पोटाच्या काढून टाकलेल्या भागात तयार होतं, म्हणून तुमची भूक घटली. पण दिवसभर सगळ्यांचं केल्यावर स्वतःसाठी काहीतरी हवं, ही ओढ पोटात नव्हतीच, तेव्हा तिथून ती कुणी काढू शकलं नाही. पूर्वी खाणं होतं, आता तेही नाही. ऑपरेशनने तुमच्या हातातला विसावाच काढून घेतला, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं हे तुम्हाला कुणी विचारलं नाही. हे मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खुपलं. आठ महिने तुम्ही शरीराचं सगळं निमूट केलंत आणि मनाचं सगळं एकटीने पेललंत.

म्हणून सोडण्याची सुरुवात बाटलीपासून करू नका, लपवण्यापासून करा. बंद दाराआड आहे तोवर तुम्ही तिच्याशी एकट्याच झगडत राहणार. डॉक्टरांकडे गेलात की बसल्या बसल्या, वजन करण्याआधीच सांगा: ‘मी तीन महिन्यांपासून रोज रात्री अर्धा लिटर कोल्ड्रिंक पितेय, छातीत दुखतंय आणि मला ते थांबवायला मदत हवीय.’ एवढंच. कारणं देऊ नका, माफी मागू नका. तोंडातून शब्द फुटणार नाहीत असं वाटत असेल तर कागदावर लिहून पुढे सरकवा. डाएटिशियनला भेटायचं असेल तर तेच वाक्य तिलाही सांगा. आणि समुपदेशक आहे का, हे मुद्दाम विचारा. लपूनछपून खाणं-पिणं हा त्यांच्या रोजच्या कामातला विषय आहे. कुणी तुम्हाला रागावलं, तर ती त्यांची चूक, तुमची नाही. दुसरा माणूस शोधा, पण फॉलोअप सोडू नका.

एकदम सोडायचं की हळूहळू? तुमचं प्रमाण एका बाटलीवर आहे, तेव्हा एकदम सोडावं असं माझं मत. मात्र ते कोला असेल तर त्यात कॅफीन आहे, आणि चहा-कॉफी तुम्ही फारशी घेत नसाल तर पहिल्या दिवशी-दोन दिवसांत डोकं ठणकेल, चिडचिड होईल. आठवडाभरात हे ओसरतं. आधीच माहीत असलं की माणूस घाबरत नाही. फक्त डोकेदुखीवर मनाने आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका. पोटावर अशी शस्त्रक्रिया झाल्यावर त्या गोळ्यांनी अल्सरचा धोका असतो. कुठली चालेल ते याच भेटीत विचारून घ्या.

दुसरं, दिवसभरात पाणी किती जातं ते बघा. आता घटाघट पिता येत नाही, जेवताना प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. यात दीड-दोन लिटरचा हिशेब सहज चुकतो, आणि रात्री जी तलफ वाटते तिच्यात निम्मी तहानच असू शकते. छोटी बाटली सतत हाताशी ठेवून घोट घोट पीत राहा.

तुम्हाला हवा असतो तो जिभेवरचा चुरचुरीत झटका. तो निव्वळ बुडबुड्यांचा नसतो. विरघळलेला वायू तोंडात आम्ल होतो आणि ते आम्ल जिभेच्या नसांना टोचतं. गारव्याने तो झटका आणखी जाणवतो. म्हणून साध्या पाण्यावर ही तलफ भागत नाही, अगदी बर्फगार पाण्यावर थोडीफार भागते. गार पाणी सोसत असेल तर रात्री तेच घ्या, सावकाश. डायट कोला घेऊ का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचार मनात येणारच. त्यात साखर नसते, पण गॅस आणि आम्ल तेच. छातीत दुखणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. आणि बाटली उघडी ठेवून गॅस घालवला तरी साखर तेवढीच राहते.

नवऱ्याच्या बोलण्याबद्दल. ते वाक्य लागलं असणारच. पण मला त्यात राग कमी आणि धास्ती जास्त ऐकू येते. तुम्हाला ऑपरेशनला आत नेताना तो बाहेर बसला होता, हे विसरू नका. त्याला सांगा की कपाटं तपासू नकोस, त्याने मी फक्त जास्त चांगलं लपवायला शिकेन. त्याऐवजी एक नेमकं काम द्या: रात्री सगळे झोपले की दहा मिनिटं माझ्याजवळ बस. वजनाचा विषय काढायचा नाही. आणि बाटल्या घरात आणायच्या नाहीत, कुणासाठीच नाहीत, निदान पहिले दोन-तीन महिने. इतर कुणाला हवं असेल तर बाहेर प्यावं. एवढी मागणी करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एखाद्या रात्री पुन्हा प्यायलात, तर सकाळी उठल्यावर नवऱ्याला तसं सांगा. शिक्षा म्हणून उपास करू नका. नाश्ता वेळेवर करा, प्रथिनं आणि पाणी रोजच्यासारखं घ्या, गोळ्या चुकवू नका. आणि पुढच्या फॉलोअपला तेही सांगा.