शब्दचर्चा: ‘सरासरी’, ‘मध्य’, ‘मध्यक’ आणि आकड्यांचे विखुरणे

एका वाचक भगिनींनी विचारले आहे: दहावीतल्या मुलीचा अभ्यास घेताना गणिताच्या पुस्तकात ‘मध्य’, ‘मध्यक’ आणि ‘बहुलक’ असे तीन शब्द भेटले, वर्तमानपत्रात मात्र जिकडेतिकडे ‘सरासरी’ दिसते, तर ही सरासरी या तिघांपैकी नेमकी कोणती? आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरले आहेत हे सांगायला ‘प्रमाण विचलन’ याखेरीज काही सोपा शब्द मराठीत आहे का? आणि ‘सरासरी’चे अनेकवचन करता येते का?

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की पुस्तकातला ‘मध्य’ म्हणजेच आपली सरासरी, म्हणजे सगळ्या आकड्यांची बेरीज करून ते जितके आहेत तितक्याने भागल्यावर येणारी संख्या. ‘मध्यक’ म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा (आकड्यांची संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी), आणि ‘बहुलक’ म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा. बहुलकाबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही. ‘बहुधा’, ‘बहुतेक’, ‘बहुतांश’ हे शब्द ज्याला कळतात त्याला तो आपोआप कळतो. गोंधळ होतो तो उरलेल्या दोघांत, आणि त्यात वाचकाचा दोष नाही असे माझे मत आहे.

‘सरासरी’ हा शब्द फारसीतून आला. फारसीत ‘सर’ म्हणजे डोके, टोक; ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळेच्या सगळे. ‘सरासर खोटे’ म्हणताना आपण मूळचाच अर्थ वापरतो. मराठीत त्याला हिशेबाचा अर्थ चिकटला: कुठे जास्त, कुठे कमी असे न बघता या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच दर धरणे. हिंदीने या कामासाठी अरबीतला ‘औसत’ घेतला, ज्याच्या मुळाशी ‘मधला’ हा अर्थ आहे. कन्नड, तेलुगू आणि तमिळ या भाषांत मात्र ‘सरासरी’च चालतो. म्हणजे हिंदीचा शब्द ‘मधोमध’ असे सांगतो आणि आपला शब्द ‘सरसकट सारखे केलेले’ असे सांगतो. बेरीज करून भागण्याच्या क्रियेला आपला शब्द जास्त जवळचा आहे, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

फारसी शब्द येण्याआधी आपल्याकडे या क्रियेला काय म्हणत, याचा एक सुरेख पुरावा ११५० सालच्या ‘लीलावती’त आहे. खातव्यवहारात, म्हणजे खड्डे खणण्याच्या हिशेबात, भास्कराचार्य सांगतात की खड्ड्याची रुंदी सगळीकडे सारखी नसेल तर ती अनेक ठिकाणी मोजावी, मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजले तितक्याने भागावे. येईल ती ‘सममिति’. लांबीचे आणि खोलीचे असेच करावे. पुढे उदाहरण येते. खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी दहा, अकरा आणि बारा हात. श्लोकात हे आकडे ‘दश’, ‘ईश’ आणि ‘अर्क’ असे येतात, कारण रुद्र अकरा आणि आदित्य बारा. रुंदी सहा, पाच, सात हात. खोली दोन, चार, तीन हात. सरासरी लांबी ११, रुंदी ६, खोली ३, आणि त्यांचा गुणाकार १९८ घनहात.

‘सममिति’ म्हणजे सम केलेले माप. खड्ड्याचा उंचसखल तळ माती इकडची तिकडे सारून सपाट केला, तर खोली जितकी भरेल तितकी सरासरी खोली. माती तेवढीच राहिली, फक्त सारखी पसरली. सरासरीची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. दुर्दैवाने हा शब्द आता त्या अर्थाने वापरता येत नाही, कारण आकृतीच्या दोन बाजू एकमेकींशी तंतोतंत जुळण्याला शाळेत आपण ‘सममिती’ म्हणतो. त्याच श्लोकात रुंदीसाठी आलेला ‘विस्तार’ही आज संख्याशास्त्रात निराळ्याच कामाला लागला आहे, त्याकडे पुढे येतो.

आता ‘मध्य’. ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांत आधी ‘मध्यमाधिकार’ आणि मग ‘स्पष्टाधिकार’ अशी प्रकरणे असतात. ‘मध्यम’ ग्रह म्हणजे सदैव एकसारख्या, सरासरी गतीने चालतो असे धरून काढलेले त्याचे स्थान, आणि ‘स्पष्ट’ म्हणजे त्यात संस्कार करून आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या जागी आणलेले. तेव्हा सरासरीसाठी ‘मध्य’ वापरण्याला जुना आणि चांगला आधार आहे. ‘भूमितीमध्य’ही त्याच कुळातला. अडचण एवढीच की रोजच्या मराठीत मध्य म्हणजे मधोमध: मध्यरात्र, मध्यभाग, मध्यबिंदू. पुस्तक न वाचलेल्या माणसाला ‘या पाच आकड्यांचा मध्य सांगा’ म्हटले तर तो रांगेतला तिसरा आकडा दाखवील, म्हणजे नेमका मध्यक. शिवाय दोन्ही शब्दांत फरक फक्त शेवटच्या ‘क’चा, त्यामुळे बोलताना तो सहज निसटतो. त्रिकोणातल्या रेषेला ‘मध्यगा’ हा वेगळा शब्द आहे हे त्यातल्या त्यात बरे. म्हणून माझा आग्रह असा की परीक्षेत ‘मध्य’ जरूर लिहावा, पण इतरत्र ‘सरासरी’ आणि ‘मध्यक’ हीच जोडी वापरावी. हे दोन शब्द कानालाही वेगळे लागतात आणि अर्थानेही.

दोघांतला फरक खड्ड्यातच पाहता येतो. भास्कराचार्यांच्या तिन्ही मापांत सरासरी आणि मध्यक एकच येतात: १०, ११, १२ मध्ये मधला आकडाही ११ आणि सरासरीही ११. आता खोलीच्या २, ३, ४ या मापांतला एक कोपरा खचला आणि ४ च्या जागी १० हात झाले असे समजू. सरासरी ५ हात झाली, मध्यक ३ वरच राहिला. यातले खरे कोणते? किती माती उपसली याची मजुरी द्यायची असेल तर ५ खरे, कारण मजुरी बेरजेवर ठरते आणि त्या एका कोपऱ्यातली मातीही कोणीतरी उपसलेलीच असते. खड्डा साधारण किती खोल आहे असे कोणी विचारले तर ३ हे उत्तर अधिक प्रामाणिक, कारण ५ हात खोली त्या खड्ड्यात मोजली तेव्हा कुठेच आढळली नव्हती. पगाराचेही असेच आहे. पाच जणांना महिना १२, १४, १५, १९ आणि ९० हजार मिळत असतील तर सरासरी ३० हजार होते, आणि पाचांतल्या चौघांना त्याहून पुष्कळ कमी मिळत असते; मध्यक १५ हजार आहे. ‘दरडोई उत्पन्न’ ही अशीच सरासरी आहे. तो शब्द मात्र मोठा प्रांजळ आहे, कारण एकूण रक्कम डोक्यांवर वाटली एवढेच तो सांगतो. ती प्रत्येकाच्या हातात पडली असे तो म्हणत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आकड्यांच्या विखुरण्याला शास्त्रीय मराठीत शब्द आहेत. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतला फरक म्हणजे ‘विस्तार’. विखुरण्याला एकूण ‘अपस्करण’ म्हणतात; हाच शब्द विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्रकाशाचे अपस्करण’ म्हणून येतो. आणि ‘प्रमाण विचलन’ हे त्याचे सर्वांत वापरातले माप. यातल्या ‘प्रमाण’ने पुष्कळांची फसगत होते, कारण मराठीत प्रमाण म्हणजे गुणोत्तरही आणि पुरावाही. इथे तो ‘भारतीय प्रमाण वेळ’मधला प्रमाण आहे, सर्वांनी मान्य केलेले ठरीव माप, हिंदी म्हणूनच ‘मानक विचलन’ म्हणते. ‘विचलन’ही थोडा दिशाभूल करणारा आहे. मन विचलित होणे वाईट, त्यामुळे सरासरी हा सन्मार्ग आणि तिच्यापासून ढळणारा आकडा चुकीचा, अशी छाया त्या शब्दावर पडते. प्रत्यक्षात विचलन म्हणजे नुसते अंतर आहे. खोलीचे माप दोन हात आले तर ते चुकलेले नाही. त्या ठिकाणी खड्डा तेवढाच आहे.

हे माप काढायचे कसे, तेही त्याच खड्ड्यावर पाहू. लांबी १०, ११, १२, सरासरी ११, अंतरे उणे १, शून्य आणि अधिक १. त्यांची बेरीज शून्य होते, आणि ती नेहमीच होते, कारण सरासरी म्हणजे सपाट केलेला तळ: जितका उंचवटा तितकाच खळगा. म्हणून अंतरांचे वर्ग घेतात: १, ०, १. त्यांची सरासरी दोन तृतीयांश, तिचे वर्गमूळ सुमारे ०.८२ हात. (नमुन्यावरून मोठ्या समूहाचा अंदाज बांधताना तीनऐवजी दोनने भागतात, तो विषय वेगळा.) गंमत अशी की रुंदीचे आणि खोलीचे प्रमाण विचलनही ०.८२ च येते, कारण तिथेही आकडे एकेकाच्याच अंतरावर आहेत. पण अकरा हातांच्या लांबीत ०.८२ हातांचा फरक म्हणजे जेमतेम साडेसात टक्के, सहा हातांच्या रुंदीत सुमारे चौदा टक्के आणि तीन हातांच्या खोलीत सत्तावीस टक्के. लांबीची सरासरी सांगून थांबलो तर फारसे बिघडत नाही; खोलीची सांगून थांबलो तर बिघडते.

सोप्या शब्दाचे म्हणाल तर तो आपल्याकडे आहे, फक्त त्याला हिशेबात बसवण्याची सवय नाही. ‘तफावत’ हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. ‘दोन्ही तुकड्यांची सरासरी सारखीच, पण दुसऱ्या तुकडीच्या गुणांत तफावत फार’ हे वाक्य कोणालाही कळेल. पावसासारख्या, काळाबरोबर बदलणाऱ्या गोष्टीला ‘चढउतार’ चांगला. आणि बाजार समितीने तर हा प्रश्न शब्दाशिवायच सोडवला आहे. कांद्याचे रोजचे बाजारभाव पाहा: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. शेतकरी पहिल्यांदा दोन टोके पाहतो, मग आपला माल त्यांच्यामध्ये कुठे बसेल याचा अंदाज घेतो. नुसता एक आकडा लिहून त्याचे भागणार नाही. यातला ‘सर्वसाधारण’ दरही सरासरी नव्हे. ज्या दराने जास्तीत जास्त माल विकला गेला तो दर असा त्याचा आशय आहे, म्हणजे पुस्तकातल्या बहुलकाचा हा सख्खा भाऊ.

पावसाच्या बातम्यांत मात्र ‘सर्वसाधारण’ निराळा आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या देशभरातल्या पावसाची दीर्घकालीन सरासरी, १९७१ ते २०२० या वर्षांवरून, ८७ सेंटिमीटर धरली जाते, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर हवामान खाते त्याला सर्वसाधारण म्हणते. या पावसाचे प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे दहा टक्के आहे, म्हणजे चार टक्क्यांचा हा पट्टा बराच अरुंद ठरतो आणि सर्वसाधारण वर्ष साधारण तिनांतून एकच येते. जिल्ह्याच्या पावसात चढउतार फार जास्त, म्हणून तिथे सरासरीच्या १९ टक्के वरखालीपर्यंत सर्वसाधारणच म्हटले जाते. शब्द एकच, पण त्यामागची तफावत वेगळी. ती सांगितल्याशिवाय शब्दाला अर्थ येत नाही. आपण मात्र ‘पावसाने सरासरी गाठली’ असे लिहितो, जणू सरासरी हे मुक्कामाचे गाव आहे आणि तिथे पोचले की काम संपले. जुलै कोरडा गेला आणि सप्टेंबरच्या चार दिवसांत सगळी भर निघाली तरी सरासरी गाठली जाते. दुबार पेरणी केलेल्या माणसाला तिचा काय उपयोग? ‘एकूण पाऊस सरासरीइतका झाला, पण महिन्यामहिन्यांत मोठी तफावत राहिली’ एवढे लिहायला जागा फारशी लागत नाही.

राहिले अनेकवचन. ‘सरासरी’ हे ईकारान्त स्त्रीलिंगी नाम आहे, त्यामुळे ‘सरासऱ्या’ हे रूप नियमाला धरून आहे आणि ‘तिन्ही वर्षांच्या सरासऱ्या’ असे लिहायला हरकत नाही. ‘सरासरी वजन’मध्ये तोच शब्द विशेषणासारखा येतो आणि बदलत नाही. ‘सरासरी पन्नास माणसे आली होती’ असे एकाच प्रसंगाबद्दल म्हणतात ते टाळावे. तिथे ‘सुमारे’ किंवा ‘अदमासे’ हवे, कारण भागाकार झालेलाच नाही. आणि सरासऱ्या हाती आल्यावर त्यांचीच पुन्हा सरासरी काढण्याचा मोह होतो, तिथे जपावे. चाळीस मुलांच्या वर्गाची सरासरी ५० गुण आणि दहा मुलांच्या वर्गाची ८० असेल, तर दोन्ही वर्ग मिळून सरासरी ६५ नव्हे, ५६ येते.