मुंबईत राहून लांब पल्ल्याची, दमदार काडतुसाची स्वस्त रायफल कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की राहायला बोरिवलीला, बजेट बेताचं, .३३८ लापुआ मॅग्नम या दमदार काडतुसाची रायफल हवी, ती नाही जमली तर त्याहून हलक्या .३०-०६ काडतुसाची, आणि ‘हजार मीटरवर नेम लागला पाहिजे’. मी उत्तर लिहायला बसलो ते या शेवटच्या वाक्यामुळे. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने २०१७ साली आमच्या शिवडीच्या घरात, बाबांच्या फोटोखाली बसून म्हटलं होतं.

.३३८ डोक्यातून काढून टाका. अमेरिकेत सॅव्हेज ११० त्या काडतुसात दीड हजार डॉलरच्या आसपास मिळते म्हणून तिकडचे लोक तिला स्वस्त म्हणतात, आणि तिथेही एकेका काडतुसाला पाचेक डॉलर जातात. आपल्याकडे साध्या परवान्यावर परदेशी रायफल आयात करता येत नाही, ती सवलत नामांकित नेमबाजांना आहे. नवी सहसा सरकारी कारखान्याची मिळते: .२२, ३१५ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास) किंवा .३०-०६. .३०३ आणि ७.६२ या लष्करी काडतुसांच्या, म्हणून प्रतिबंधित. जुन्या शिकारी घराण्यातली .३७५ मॅग्नम अधूनमधून विकायला निघते, पण तिचा भाव लाखांत आणि काडतुसांसाठी वणवण. म्हणजे तुमच्या हातात उरली .३०-०६. दादाने तीच घेतली.

बाबा गोदीत कारकून होते. दर रविवारी वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर जायचे. त्यांच्याकडे बीएसए मार्टिनी होती, .२२ची, एका वेळी एकच काडतूस भरायची, जुनी आणि जड. आम्हा दोघा भावांना त्यांनी तिच्यावरच शिकवलं. घरी आधी रायफल रिकामी असल्याची तीन-तीनदा खात्री करायची, मग आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून नळीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं. चाप ओढल्यावर नाणं पडलं तर पहिल्यापासून सुरुवात. काडतूस मिळायचं ते महिन्याभराने. दादाला तेव्हाच याचा कंटाळा होता. बाबा गेल्यावर मार्टिनी आणि गावच्या घरातली आजोबांची दुनळी वारसाने त्याच्या परवान्यावर आली, आणि २०१७ला त्याने तिसरी म्हणून .३०-०६ घेतली. पाठोपाठ वर मोठी दुर्बीण चढली.

मुंबईत ती मारायची कुठे? वरळीला ५० मीटरपर्यंतची सोय आहे. हजार सोडा, ३०० मीटरची लेनसुद्धा तुमच्या-आमच्यासारख्याला शहरात मिळत नाही. शेवटी ओळख काढून आम्ही मुंबईबाहेरच्या एका क्लबच्या १०० मीटरच्या रेंजवर गेलो. दादाने दहा गोळ्या मारल्या. भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरली. तो म्हणाला काडतुसं जुनी आहेत, मग वारा, मग दुर्बीण हलली असेल. तिथल्या प्रशिक्षकांनी तीच रायफल, तीच काडतुसं घेऊन पाच मारल्या. सगळ्या चहाच्या बशीत मावतील अशा.

मग मी जे केलं त्यावरून आजही घरात बोललं जातं. प्रशिक्षकांना सांगून दादाची रायफल मी भरून द्यायला लागलो. दोन खरी काडतुसं दिली, तिसऱ्या वेळी मारून झालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी सरकवली. दादाला माहीत नव्हतं. त्याने चाप ओढला, ‘टक्’ आवाज आला, आणि नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलं. डोळे घट्ट मिटलेले. मागे उभ्या सगळ्यांनी पाहिलं.

हा भित्रेपणा नाही. कानाजवळ होणारा बार आणि खांद्याला बसणारा धक्का शरीर दोन-चार गोळ्यांत शिकतं आणि चाप सुटायच्या आधीच आवळून घेतं. खरी गोळी सुटली की धक्क्यात ती हालचाल दिसतच नाही, म्हणून मारणाऱ्याला वाटतं रायफलच वाईट. आता हिशेब करा. खांद्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण एक मीटर. तिथे एक मिलिमीटर चुकलात तर हजार मीटरवर पूर्ण एक मीटर चुकलात. आणि .३३८चा जोर .३०-०६च्या दीडपटीहून जास्त आहे!

दादा पनवेलपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही. तिथे चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, “तुला चार लोकांत माझा अपमान करायचा होता.” तसं नव्हतं. पण लोकांसमोर करायला नको होतं, हे मी त्याला नंतर सांगितलंय आणि इथेही लिहितो.

डिसेंबर २०१९ला कायदा बदलला. परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं, तिसरं वर्षभरात जमा करायचं, वारशाचं असलं तरी. माझं म्हणणं होतं .३०-०६ जाऊ दे. माझा स्वतःचा परवान्याचा अर्ज तेव्हा अडकला होता, त्यात लॉकडाऊन, त्यामुळे मार्टिनी माझ्या नावावर होईना. दादा म्हणाला, “बावीसने काय होतं? खेळणं आहे ते.” आणि त्याने बाबांची मार्टिनी डीलरकडे देऊन टाकली. .३०-०६ अजून कपाटात आहे. गेल्या चार वर्षांत तिच्यातून एक गोळी सुटलेली नाही.

खेळणं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं. ५० मीटरच्या .२२ स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. ३०० मीटरच्या मोठ्या बोअरच्या स्पर्धेत ते १०० मिलिमीटरचं. अंतराच्या प्रमाणात ५० मीटरचं वर्तुळ ३०० मीटरवर नेलं तर ६२ मिलिमीटरच भरतं. म्हणजे नेम जास्त बारीक लागतो तो .२२ला. शिवाय .२२ची गोळी इतकी सावकाश जाते की वरळीला समुद्राचा आडवा वारा सुटला की दहातली गोळी सरळ आठात जाते. वारा वाचायला तिथेच शिकतात. आपल्या तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये जगज्जेत्या झाल्या त्या .२२वर. स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं तेही ५० मीटरवर, .२२नेच. आणि तुमची .३३८? आंतरराष्ट्रीय ३०० मीटर स्पर्धेत ८ मिलिमीटरपर्यंतच बोअर चालतो, ती ८.६ची आहे. तिथे उभंसुद्धा करणार नाहीत.

तेव्हा पैसे असे घाला: वरळीला नाव नोंदवा, वर्षभर एअर रायफल मारा (४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतल्या जोराची, तिला परवाना लागत नाही), मग क्लबच्या .२२वर या. तोवर पोलीस आयुक्तालयात परवान्याचा अर्ज टाकून ठेवा, त्याला वेळ लागतोच, आणि कारण ‘खेळ’ लिहायचं असेल तर सरावाची नोंद हातात हवी. परवाना आला की .२२ घ्या. .३०-०६ त्यानंतर, तेही ३०० मीटर मारायची जागा नक्की झाली तर.

तुमची कोकणात किंवा घाटावर शेती असेल, रानडुकरांचा त्रास असेल आणि पीकसंरक्षणाचा परवाना मिळत असेल, तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे ३१५ बोअर पुरते, काडतुसं आपल्या खडकीची मिळतात. पण परवाना हातात आहे म्हणून डुकराला मारता येतं असं नाही, त्याची परवानगी वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. हेही खरं की धक्क्याची सवय काहींना लवकर होते. तुम्ही त्यातले असाल. रिकाम्या पुंगळीची परीक्षा मात्र द्या, प्रशिक्षक शेजारी असताना.

तुम्ही डीलरांच्या दुकानांत फिरणार आहात, म्हणून एक काम सांगतो. बीएसए मार्टिनी कुठे दिसली तर दस्त्याची उजवी बाजू बघा. गाल टेकतो तिथून थोडं खाली पांढऱ्या ऑइलपेंटचा मुगाएवढा थेंब असेल, घराला रंग काढला तेव्हाचा, बाबांनी तो कधी खरवडला नाही. असली तर मला निरोप टाका. माझा परवाना आता आलाय.