वडिलांचं एचएमटी 'जनता' घड्याळ व्हिंटेज म्हणता येईल का? किती वर्षं जुनं लागतं?

पक्का नियम असा नाही. संग्राहक साधारण २५-३० वर्षांपुढच्या घड्याळाला व्हिंटेज म्हणतात, शंभरी ओलांडली की अँटिक. पण नुसत्या वयावर माझा विश्वास नाही. १९९५ चं साधं सेलवालं घड्याळ तिशी गाठूनही मला फक्त जुनंच वाटतं. जगात खरी रेघ ओढली ती जपानच्या सेको कंपनीच्या अ‍ॅस्ट्रॉन या मनगटी घड्याळाने, डिसेंबर १९६९ मध्ये. क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ आलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चावीच्या घड्याळांची सद्दी संपली.

आपल्याकडे ही रेघ बरीच पुढे सरकते. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली, आणि रोज चावी द्यायचं 'जनता' क्वार्ट्झ आल्यावरही कितीतरी वर्षं निघत राहिलं. म्हणजे 'जनता' आहे म्हणून आपोआप व्हिंटेज, असं नाही. वडिलांना लग्नात मिळालेलं असेल, तर खुशाल म्हणा!

आणि हो, तबकडी पिवळी पडली असली तरी रंगवून घेऊ नका. बाजारात चकचकीत रंगवलेली 'जुनी' एचएमटी ढिगाने आहेत. संग्राहक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.