नवीन मोबाइल विकत घेताना एवढा मनस्ताप का होतो?

वीस हजारांच्या आतला फोन घेण्यासाठी पंधरा दिवस पाहणी करूनही काही ठरत नाही, उलट गोंधळच वाढतो, तर यात दोष आपला की बाजाराचा, असे तुम्ही विचारले आहे. २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर मी याच फेऱ्यातून गेलो. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात एकतीस वर्षे काढली आहेत. अटी-शर्तींची बारीक अक्षरे वाचणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता, आणि तरीही या खरेदीने मला दमवले. तेव्हा दोष तुमचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. फोन म्हणजे आता बँक, पेन्शन, गॅसची नोंदणी, नातवंडांचे फोटो या सगळ्यांची एकत्रित किल्ली झाली आहे, आणि दुकानात मात्र ती अजून मिक्सर विकावा तशी विकली जाते. त्यामुळे कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे हे दहा जण सांगतात. पण ही किल्ली किती वर्षे चालेल आणि जुन्या किल्लीवरून नव्या किल्लीवर जायचे कसे, हे विचारले की समोरचा माणूस घड्याळाकडे पाहू लागतो.

मुळात मला फोन घ्यायचाच नव्हता. पाच वर्षांचा जुना फोन व्यवस्थित चालत होता. एके सकाळी बँकेचे अ‍ॅप उघडले, तर अँड्रॉइडच्या या आवृत्तीवर हे अ‍ॅप यापुढे चालणार नाही, असा संदेश आला. त्याच सुमारास बॅटरी दुपारी बारालाच मान टाकू लागली होती, म्हणून ती बदलून घ्यावी असा विचार करून कंपनीच्या सेवाकेंद्रात गेलो, तेव्हा या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, असे उत्तर मिळाले. आमच्या घरातले शिलाई मशीन आईच्या वेळचे आहे आणि त्याचा पट्टा अजूनही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. चालती वस्तू बाजूला ठेवून तिच्याच जातीची दुसरी वस्तू आणायची, ही सुरुवातच मला रुचली नव्हती, त्यामुळे पुढच्या प्रत्येक गोष्टीकडे मी काहीशा वाकड्या नजरेने पाहिले असेल, हेही मान्य करतो.

सांगलीतल्या ज्या दुकानात मी प्रथम गेलो, तिथे पाच तरुण एकाच वेळी पुढे आले. मोठ्या दुकानांतून असे उभे असलेले अनेक जण दुकानाचे नोकर नसतात. ते त्या त्या कंपनीने बसवलेले प्रमोटर असतात आणि आपल्याच कंपनीचे किती फोन खपवले यावर त्यांचे गणित असते, हे मला नंतर समजले. मला बोटांना झेपेल एवढा, अक्षरे मोठी दिसणारा आणि टिकाऊ फोन हवा, असे मी म्हणालो. त्यावर, “काका, हा घ्या, सोळा जीबी रॅम आहे, गेमिंगला एक नंबर,” असे उत्तर आले. डब्यावर खरोखरच १६ लिहिलेले होते, पण त्याखाली बारीक अक्षरांत ८ अधिक ८ असा खुलासा होता. रॅम म्हणजे चालू कामासाठी फोन वापरतो ती वेगवान स्मृती. त्यातली दुसरी आठ जीबी रॅम नसतेच. साठवणुकीच्या जागेतलाच एक तुकडा रॅमसारखा वापरायला काढलेला असतो, त्याचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही जात नाही, आणि तेवढी जागा तुमच्याच १२८ जीबीतून कमी होते. कॅमेऱ्याच्या पन्नास मेगापिक्सेलचीही गत तीच. असे बहुतेक फोन चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो काढतात. त्यात गैर काही नाही, उलट कमी प्रकाशात त्याने फोटो चांगला येतो. फक्त पन्नास या आकड्यावर आपण दोन फोनांची तुलना करत बसू नये. शेजारचा दोन मेगापिक्सेलचा दुसरा कॅमेरा हा मला तरी पाटावरच्या रिकाम्या वाटीसारखा वाटला.

ज्या माहितीवरून निर्णय व्हायला हवा, ती डब्यावर नव्हती. या फोनला अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, असे मी फिरलेल्या तिन्ही दुकानांत विचारले. एकाने “लाइफटाइम” म्हणून सांगितले, दुसऱ्याने वॉरंटी एक वर्षाची असल्याचे सांगितले, आणि तिसऱ्याने प्रामाणिकपणे मान हलवली. माझा जुना फोन याच कारणाने बाद झाला होता, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता चौकशीपुरता नव्हता. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ आणताना सात वर्षांच्या अपडेटचे वचन जाहीरपणे दिले, पण ते महागडे फोन. आपल्या किमतीच्या गटात कुठे दोन वर्षे, कुठे चार, कुठे सहा असा प्रकार आहे आणि तो त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर खोदून काढावा लागतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच आला आहे, की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग द्यायचे, आणि फोनसोबत फ्रिजसारखे लेबल लावायचे. आपल्याकडे ग्राहकाने स्वतःच पाहायचे. एक उपाय मला उपयोगी पडला, तो सांगतो. दुकानात मांडलेल्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. एका नव्याकोऱ्या मॉडेलवर ती पाच महिन्यांपूर्वीची निघाली. मांडलेला फोन कोणी अपडेट केला नसेल म्हणून मी दुकानदाराच्या परवानगीने तिथेच अपडेट शोधायला लावले, तर तो फोन अद्ययावत असल्याचे सांगून मोकळा झाला. तो मॉडेल मी यादीतून काढला.

किमतीबद्दल थोडे. सणात दुकानाबाहेर ‘जीएसटी कपातीचा लाभ घ्या’ असा फलक होता. ही कपात २२ सप्टेंबर २०२५ पासून झाली खरी, पण ती मोठ्या टीव्हीवर आणि एसीवर. त्यांचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मोबाइलवर १ एप्रिल २०२० रोजी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झालेला कर तसाच आहे. अठरा हजारांच्या फोनमध्ये सुमारे २,७४६ रुपये कराचे असतात, ते आधीही होते आणि आताही आहेत. फलक टीव्हीसाठी असेलही, पण लावला होता मोबाइलच्या काउंटरवर.

आता ‘नो कॉस्ट ईएमआय’. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझा प्रांत. अठरा हजारांचा फोन, तीन हजारांचे सहा हप्ते, म्हणजे बेरीज अठरा हजारच, मग व्याज कुठे आहे, असे कोणालाही वाटेल. बँक फुकट कर्ज देत नसते. विक्रेता वा कंपनी व्याजाएवढी सूट आधीच देते आणि कर्ज त्या कमी रकमेचे मांडले जाते. समजा दर वार्षिक १६ टक्के आहे. मग कर्जाची मूळ रक्कम साधारण १७,१८९ रुपये होते आणि उरलेले ८११ रुपये व्याज. हप्त्याची बेरीज जुळते, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १४६ रुपये, आणि तो तुम्हीच भरता. त्यावर १९९ रुपये प्रक्रिया शुल्क धरले, तर करासह २३५ रुपये. एकूण ३८१ रुपये जादा. रक्कम मोठी नाही, हे खरे. ज्याच्या हातात एकदम अठरा हजार नाहीत त्याने ती बिनधास्त द्यावी. मला राग आला तो ‘नो कॉस्ट’ या शब्दांचा. शिवाय पूर्ण पैसे भरणाऱ्याला मिळणारी हजार रुपयांची सूट हप्त्याच्या पर्यायात गायब होते, हे पैसे भरण्याच्या अगदी शेवटच्या पानावर कळते. म्हणून दोन्ही पर्यायांची अंतिम रक्कम कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि मगच ठरवा.

मी शेवटी फोन ऑनलाइन मागवला, जुना फोन बदल्यात देऊन. माझा सर्वांत मोठा मनस्ताप इथूनच सुरू झाला. संकेतस्थळावर जुन्या फोनची किंमत ४,२०० रुपये दाखवली होती. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी डबा घेऊन आलेल्या मुलाने जुना फोन टॉर्चच्या उजेडात धरून तिरका केला, कडेला एक ओरखडा शोधला, बॅटरी ‘कमजोर’ असल्याची नोंद केली आणि रकमेचा आकडा १,९०० वर आणून ठेवला. ती घासाघीस मी समजू शकतो. भंगारवालाही वजनकाट्यावर हेच करतो. पण पुढे तो म्हणाला, “काका, यातला सगळा डेटा पुसून द्या, मला पुढे अकरा डिलिव्हरी आहेत.” नवा फोन अजून डब्यात होता. जुन्यातून नव्यात काही नेण्यासाठी दोन्ही फोन एकाच वेळी, एकाच टेबलावर, दोन-तीन तास तरी हवेत. ही साधी गोष्ट या अदलाबदलीच्या योजनेत कोणाच्याच डोक्यात आलेली नाही, किंवा आली असूनही तिच्याशी कोणाला देणेघेणे नाही. दारात उभ्या पोराला दोष देण्यात अर्थ नव्हता. मी अदलाबदल रद्द केली, फरकाचे पैसे भरले आणि जुना फोन ठेवून घेतला.

तो निर्णय किती योग्य होता हे पुढच्या दोन दिवसांत दिसले. यूपीआय अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना त्यातल्या सिमवरून बँकेला आपोआप एक संदेश जातो आणि त्यावरून हे सिम याच फोनमध्ये असल्याची खात्री केली जाते. माझे पेन्शन खाते ज्या क्रमांकाला जोडलेले आहे, ते सिम मी केवळ येणाऱ्या संदेशांसाठी चालू ठेवले आहे. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा ‘पडताळणी झाली नाही’ एवढेच. अ‍ॅपमध्ये कारण लिहिलेले नव्हते. सिम काढून जुन्या फोनमध्ये घातले, साधा संदेश पाठवून पाहिला, तेव्हा कळले की त्या सिमवरून संदेश पाठवण्याची सोयच संपलेली होती. रिचार्ज केल्यावर पाचव्या खेपेला काम झाले. त्यानंतर रंगाऱ्याचे सात हजार द्यायला गेलो, तर व्यवहार नाकारला गेला, कारण फोन बदलल्यावर पहिले २४ तास साधारण पाच हजारांच्या वर पैसे पाठवता येत नाहीत. हा नियम आपल्याच भल्याचा आहे, चोराने सिम पळवून खाते रिकामे करू नये यासाठीच तो आहे. परंतु सणाच्या आदल्या संध्याकाळी मजुरी मागायला उभ्या असलेल्या माणसाला हे समजावून सांगताना माझी पुरती पंचाईत झाली. शेवटी सौभाग्यवतीच्या डब्यातून रोख काढून दिली.

व्हॉट्सअ‍ॅपचे गाडे गूगलच्या जागेवर अडले. अँड्रॉइडवरचा त्याचा बॅकअप आता गूगल खात्याच्या मोफत १५ जीबीत मोजला जातो, आणि माझी जागा फोटोंनी आधीच भरलेली होती. दोन्ही फोन शेजारी ठेवून थेट एकातून दुसऱ्यात नेण्याचा पर्याय त्याच अ‍ॅपमध्ये आहे, तो मुलीने दूरध्वनीवरून सांगितला आणि दीड तासात काम झाले. नव्या फोनमध्ये आधीच भरून आलेले सात-आठ खेळ आणि खरेदीची अ‍ॅप काढण्यात आणखी अर्धा तास गेला. सुरुवातीला एकामागून एक येणाऱ्या संमतीच्या पानांवर मी वाचून ‘नाही’ दाबत गेलो, त्यामुळे जाहिरातींच्या सूचनांचा त्रास बराच वाचला. घाईत ‘पुढे’ दाबत गेलात तर लॉक असलेल्या पडद्यावरही बातम्या आणि जाहिराती येऊन बसतात.

तुम्ही अजून फोन घेतलेला नाही, म्हणून माझ्या अनुभवातून सुचते ते सांगतो. अपडेट किती वर्षे आणि तुमच्या गावात सेवाकेंद्र आहे का, या दोनच प्रश्नांवर यादी तीन फोनांपर्यंत आणा. मग त्यातला हातात धरून बरा वाटेल तो घ्या, उरलेल्या आकड्यांनी फारसा फरक पडत नाही. डब्यात चार्जर आहे का ते पाहा, आणि नसेल तर त्या फोनला साजेसा चार्जर किती रुपयांना पडतो तेही विचारा, कारण ८० वॉटने चार्ज होणारा फोन घरातल्या जुन्या चार्जरवर रडतखडतच चार्ज होतो. ऑनलाइन मागवला तर डबा उघडतानाचे चित्रीकरण करा. बहुतेक ठिकाणी फोन परत घेत नाहीत, फार तर बदलून देतात, तेही थोड्याच दिवसांत. फोनवर *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, डब्याशी आणि बिलाशी जुळवा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तो पंधरा अंकी क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्याची सरकारी नोंदही कळते. विक्रेता दाद देईनासा झाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि ती तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते.

आणि जुना फोन निदान आठवडाभर हातचा सोडू नका. माझा अजून घरातच आहे. १,९०० रुपयांचा तो फोन आता स्वयंपाकघरातल्या खिडकीत चार्जरला लावलेला असतो आणि सकाळी सहाला त्यावर आकाशवाणी सांगली लागते.